बैल ओढेल असा दोरा

६ फेब्रुवारी

भाऊजी,

फोनवर तुम्ही "हो वहिनी, बरं वहिनी" करता आणि दुकानात गिऱ्हाईक आलंय म्हणून ठेवून देता. गिऱ्हाईक खरंच येत असेल. पण पत्राच्या मध्ये गिऱ्हाईक येत नाही, म्हणून लिहिते आहे.

कामाचं आधी. तुमच्या दादांचं रीळ माझ्याकडे आहे. ते आडवं, ज्याच्या दोऱ्यावर अंगठा ठेवून गळ फेकायचा, ते बेटकास्टिंगचं. काठीसकट परत मिळाल्यापासून पुढच्या खोलीत शिलाई मशीनच्या वरच्या खुंटीला आहे. त्यावर उरलेला हिरवा दोरा मी उतरवून बटणांच्या डब्यात ठेवला, तेव्हा रीळ आता रिकामं आहे. कयाकमध्ये, त्या एका माणसाच्या अरुंद होडीत, बसून वापरायचं तर त्यावर कोणता दोरा भरावा? वापरणार मी स्वतः.

दचकलात ना? वल्हवायला मला ह्यांनीच शिकवलं होतं, विसरलात वाटतं. कयाक धरणाच्या राखणदाराच्या शेडमध्ये नीट आहे. मला धरणावर जायचंय, त्या बुडालेल्या झाडांपाशी, जिथे हे गेले तिथे. पाऊस सुरू व्हायच्या आत जायचंय. का ते नंतर सांगेन.

वाचनालयातून मासेमारीची दोन पुस्तकं आणली. एक म्हणतं नायलॉनचा तंगूस घ्या, दुसरं म्हणतं विणलेल्या दोऱ्याला तोड नाही. दोघेही लेखक मोठ्या बोटीत ऐसपैस उभे राहून लिहिताहेत. कयाकमध्ये माणसाचं बूड पाण्याच्या पातळीला असतं आणि पाय रोवायला जागा नसते, हे त्यांच्या गावीही नाही. तुमचा सगळा जन्म हे दोरे विकण्यात चाललाय, म्हणून तुम्हाला विचारते.

आणखी एक. हे रीळ वाजतं. दुपारी मी मशीन थांबवते, कापड फिरवते, तेवढ्यात वरून टक्, टक्, टक्. वर बघितलं की गप्प. तुम्ही त्यातले जाणते. असं होतं का?

वहिनी


१७ फेब्रुवारी

ती. वहिनी,

साष्टांग नमस्कार. वर शाईचा डाग पडला आहे, तिकडे बघू नकोस.

तू मासे धरायला निघालीस हे वाचून मी पत्र घडी करून गल्ल्याखाली ठेवलं आणि दोन दिवस दुकानात फक्त काठ्या पुसल्या. धरणावर जाऊ नकोस, एवढंच उत्तर द्यायचं होतं. पण तू ऐकणार नाहीस. दादा म्हणायचा, हिला नको म्हटलं की हिच्या पायात चपला येतात.

तर ऐक. आडव्या रिळाचा स्वभाव तुझ्या मशीनच्या बॉबिनसारखा नाही. गळ हवेत गेला की चकती स्वतःच्या वेगाने फिरते. गळ मंदावला आणि अंगठ्याने चकती दाबली नाहीस, तर दोरा सुटतच राहतो आणि असा गुंता होतो की पाखराने घरटं बांधावं. म्हणून शिकाऊ माणसाने नायलॉनचा तंगूसच घ्यावा. जाड असतो, अंगठ्याला कळतो, गुंता सोडवता येतो. शिवाय ताणला जातो. कयाक हलकी. मोठा मासा ओढायला लागला तर ती मुलाच्या खेळण्यासारखी मागे फिरते. तिथे दोऱ्याने थोडा मार खाल्लेला बरा. आणि फार ओढ बसली तर तो तुटतो. कयाकमध्ये तुटणारा दोरा चांगला, वहिनी. हे वाक्य दोनदा वाच.

फ्लुरोकार्बन म्हणून एक असतो, पाण्यात दिसत नाही, पण ताठ आणि खुनशी. रिळावर गुंडाळून ठेवला की तसाच वेटोळा राहतो. तुला नको.

बारा पौंडी तंगूस पाठवतो, म्हणजे बारा पौंड ओढ सोसणारा. काठाजवळ फेक, फोटो काढ, घरी ये.

त्या रिळाला आपोआप वाजणारी कळ नाही. हँडलपाशी चांदणीसारखं चाक आहे, ओढ कमीजास्त करायचं. ते कोणी हाताने पिळलं तरच बारीक टकटक होते. खुंटी भिंतीत हलत असेल, नाहीतर उंदीर असेल. सापळा लाव.

तुझा
धाकटा


३ मार्च

भाऊजी,

डागाखाली "सौ." आहे. कागद उजेडात धरला की दिसतं. खोडत जाऊ नका. हाताला सवय आहे तर लिहू द्या त्याला.

तंगूस मिळाला. रिळावर भरला. मागच्या अंगणात बादली ठेवून त्यात गळाऐवजी शिशाचा गोळा फेकायचा सराव करते आहे. पहिल्या दिवशी जे घरटं झालं त्यात मी सकाळपासून जेवणापर्यंत अंडी उबवत बसले होते म्हणा. दुसऱ्या दिवशी गोळा वरच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंच्या वाळत घातलेल्या परकरात. त्या गॅलरीतून ओरडल्या, "अहो, मासा हवा तर बाजारात जा, माझे परकर कशाला गळाला लावता?" मी म्हटलं, "बाई, लागला तेवढा मोठा मासा." हसल्या. मला हसताना बघून त्या खाली येऊन चहा करून गेल्या. आता अंगठा थोडा शहाणा झाला आहे. गिऱ्हाइकाच्या कोटाला अस्तर लावताना हीच बोटं लागतात.

ह्यांनी बांधलेली कपड्यांची दोरी अंगणात अजून आहे. तीन वेढे आणि वर एक उलटा, तो "भित्र्याचा वेढा". मी त्यांना म्हणायची, तीन पुरे आहेत की. तर म्हणायचे, तीन दोरीसाठी, चौथा माझ्या झोपेसाठी. सराव करताना डोळ्यासमोर तीच गाठ असते.

आता मुद्दा. मी बारा पौंडी तंगूस अंगणातल्या पेरूच्या फांदीला अडकवून ओढून बघितला. तटकन तुटला. माझ्या कामाला हा चालणार नाही. तुम्ही विणलेल्या दोऱ्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाहीत. मी विचारलं होतं.

उंदीर नाही. सापळ्यातली पोळी वाळून कडक झाली. तुम्ही म्हणता चाक कोणी पिळलं तरच वाजतं. हे पेपर वाचताना रीळ मांडीवर घेऊन बसायचे आणि ते चाक सैल-घट्ट, सैल-घट्ट करायचे. मी ओरडायची, कान किटले म्हणून.

वहिनी


१४ मार्च

ती. वहिनी,

पेरूची फांदी ओढायला रीळ लागत नाही, कोयता लागतो. आणि धरणावर असं काय ओढायचंय तुला की बारा पौंडी पुरत नाही? माझ्या मनात नको ते येतं. खरं सांग, तू परत यायच्या बेताने निघाली आहेस ना? लिहून टाकलं. रागवायचं तर रागाव.

भित्र्याचा वेढा बाबांचा. ते मचाणावर चढायचे तेव्हा घालायचे. त्यांच्यामागे फक्त दादाने चालवला. मी तीनावर थांबतो, म्हणून माझी पार्सलं वाटेत सुटतात.

विणलेल्या दोऱ्याबद्दल लिहीत नाही कारण तुला तो द्यायचा नाही. एवढं पुरे समज.

आणि ते रीळ खुंटीवरून काढ. कपाटात ठेव. एकटीने त्याच्याकडे बघत बसू नकोस.

तुझा
धाकटा


२१ एप्रिल

भाऊजी,

महिनाभर लिहिलं नाही, कारण तुमच्या प्रश्नाला "आहे" असं एका शब्दात उत्तर देता येत होतं आणि तेवढ्याने तुमचा विश्वास बसला नसता. मी परत यायच्या बेतानेच निघाले आहे. दोन ब्लाउज आणि एक गणवेश शिवायचा बाकी आहे, गिऱ्हाईक मला तिथेही सोडणार नाही.

काय ओढायचंय ते सांगते. राखणदार पँट आखूड करायला आला होता. माप देता देता म्हणाला, "बाई, झाडांकडे हल्ली कोणी होडी नेत नाही." का, तर पाणी उतरलंय, झाडांचे शेंडे आणखी बाहेर आलेत, आणि तिथे काहीतरी पांढरं आपोआप फडफडतं. वारा नसताना. लोक म्हणतात, तुमचे हे बोलावतात.

मी म्हटलं, भूत असेल तर आमच्याच घरचं आहे, मी भेटून येते. त्याच्या होडीतून लांबून बघितलं. बगळा होता, भाऊजी. पायाला हिरवा दोरा गुंडाळलेला, उलटा टांगलेला. मेलेला. वाऱ्याच्या झुळकीने पंख उघडायचा. त्याच्या खाली पाण्यावर आणखी एक काळा पक्षी, पाणकावळा, त्याचं नुसतं पीस आणि हाड. राखणदाराला तेव्हा घाईघाईत ह्यांची कयाक सोडवायची होती. तो काठीजवळ दोरा कापून ती ओढत घेऊन आला. बाकीचा दोरा तिथेच राहिला. तो कुजत नाही, बुडतही नाही. पाण्यावर पडून असतो, दिसत नाही, आणि जो येईल त्याला धरतो.

माझ्या नवऱ्याने घरात मुंगीवर पाय पडू दिला नाही. आता त्यांचा दोरा त्यांच्या माघारी मारत सुटलाय. पाऊस आला की झाडं परत शेंड्यापर्यंत पाण्यात जातील आणि तो खालून धरत राहील, कोणाला दिसणारही नाही. म्हणून मला तो काढायचाय. शेंड्यांच्या गर्दीत होडी फार आत जात नाही, तेव्हा लांबून तीन तोंडी गळ फेकून तो दोरा पकडायचा आणि ओढायचा. त्याला बारा पौंडी तंगूस कसा पुरेल? तुम्हीच सांगा.

राखणदार त्याच्या होडीतून माझ्या कयाकला दोर बांधून धरणार आहे. तुम्ही आलात तर तो दोर तुमच्या हातात देईन.

वहिनी


२ मे

वहिनी,

विणलेला दोरा पाठवतो आहे, पन्नास पौंडी. रिळावर आधी जुना तंगूस थोडा गुंडाळ, त्यावर हा बांध, नाहीतर चकतीवर नुसता घसरत राहील. पहिल्यांदा ओला करून ताणून भर, सैल भरलास तर ओढ बसली की स्वतःच्याच थरात रुततो. बोटाला कधी गुंडाळू नकोस, कापेल. गळाच्या टोकाला हातभर बारीक तंगूस जोड, म्हणजे खाली कुठे अडकलं तर तो तुटेल आणि तू नाही.

चाकू डाव्या हाताला, गळ्यात नाही. लाइफ जॅकेटचे सगळे पट्टे.

मी येऊ शकत नाही. का ते विचारू नकोस.

धाकटा


१९ मे

भाऊजी,

का ते मी विचारत नाही. मला त्या दिवसापासून माहीत आहे. घर माणसांनी भरलं होतं, तुम्ही दारात उभे राहून काठीकडे बघत होतात. राखणदाराला तुम्ही एकच विचारलंत, "दोरा कुठला होता?" तो म्हणाला हिरवा. तुम्ही पाणी न पिता बाहेर पडलात, ते आजतागायत आला नाहीत. तो दोरा तुम्ही पाठवलेला होता. सोबत चिठ्ठी होती, "दादा, याने बैल ओढता येईल." ह्यांनी ती मला दहा वेळा वाचून दाखवली होती.

तुम्ही मनाशी धरून बसलात की गळ खाली झाडात अडकला, दोरा तुटेना, दादाने ओढला आणि कयाक कलंडली. मीही तसंच समजत होते. सगळ्यांनी तसंच समजून घेतलं. डॉक्टरांनी "बुडून" लिहिलं आणि कागद बंद केला.

आता काल काय झालं ते वाचा.

सकाळीच निघालो. पाणी एवढं खाली गेलंय की झाडं दोन पुरुष उंच उभी आहेत, साल नसलेली, राखाडी. कयाक सरळ खोडांच्या मधून गेली. राखणदार मागे दोर धरून सारखा म्हणत होता, "बाई, सांभाळून." मी म्हटलं, तू दोर सांभाळ, मी मला सांभाळते. आत कसलाही आवाज नव्हता. वल्ह्यावरून पाण्याचे थेंब पडायचे तेवढेच. मला मागे कोणी बसल्यासारखं वाटत होतं. वळून बघितलं नाही. वाटू दिलं.

हिरवा दोरा पाण्यावर एका ठिकाणी चकाकला. मी गळ फेकला. अंगठा वेळेवर बसला, गुंता झाला नाही, तुम्ही बघायला हवं होतंत. दुसऱ्या फेकीला दोरा अडकला. हळूहळू गुंडाळायला लागले. वाटलं आता तो खाली जाईल, बुंध्याशी, आणि ओढ बसेल. पण दोरा खाली जाईना, भाऊजी. तो पाण्यातून निघून वर जात होता. माझ्या डोक्याच्याही वर. मी मान वर केली.

एका जाड फांदीला तो बांधलेला होता. अडकलेला नव्हता. बांधलेला. तीन वेढे आणि वर एक उलटा.

गेल्या वर्षी हे गेले तेव्हा धरण काठोकाठ होतं. ती फांदी तेव्हा पाण्याच्या लगत, बसल्या जागेवरून हाताला लागेल अशी असणार. राखणदाराला ती दिसली नाही कारण तो खालीच बघत होता. आपण सगळे खालीच बघत होतो.

दोऱ्याचं दुसरं टोक मी गुंडाळून घेतलं. त्याला गळ होता, मोकळा. कशातच रुतलेला नाही, त्याचा नकली मासासुद्धा धड. काठी तेव्हा कयाकच्या खोबणीत उभी सापडली होती, तेही आठवा. ओढाताण करणारा माणूस काठी खोबणीत ठेवून करत नाही.

राखणदार बिचारा विचारतोय, काय झालं, काय झालं. मला एवढंच दिसत होतं: कयाक बांधायचा खरा दोर ह्यांच्या पाठीमागच्या कप्प्यात असायचा. तो तसाच वेटोळं करून मिळाला होता. तो घ्यायला अंग पिळून मागे वळावं लागतं. त्यांना वळता आलं नसावं. त्या आठवड्यात डावा खांदा धरून बसायचे, म्हणायचे वल्ह्याने भरून आलाय. ते वल्ह्याचं नव्हतं, छातीचं दुखणं असणार. म्हणून हाताशी होता तो दोरा रिळातून ओढून घेतला आणि फांदीला बांधला. मासे धरायचा दोरा होडी बांधायला कोणी वापरत नाही. पण तुमचा होता. बैल ओढणारा. तो होडी धरील हे त्यांना माहीत होतं.

मग काय झालं ते पाण्याला माहीत. पण वारा त्या दिवशी सांडव्याकडे होता. तंगूस असता तर तुटला असता, कयाक वाहत गेली असती, आणि कुठे शोधायचं हे कोणालाच कळलं नसतं. हे दुसऱ्या दिवशी कयाकच्या खालीच मिळाले. माझ्या हाताने त्यांचं तोंड पुसायला मिळालं. ज्या बायकांना तेवढंही मिळत नाही, त्या दार वाजलं की आयुष्यभर उठत राहतात. मला उठावं लागत नाही. ते तुमच्या दोऱ्याने दिलं, भाऊजी. तुम्ही त्याला शिव्या घालू नका आणि स्वतःलाही.

घाईत होते, दुखत होतं, तरी चौथा वेढा विसरले नाहीत. मी हेच सारखं बघत होते.

राखणदार म्हणाला, "बाई, चाकू द्या, एका झटक्यात निघेल." मी म्हटलं, चाकू नको, करवत आण. तो जाऊन घेऊन आला. बगळ्याला सोडवून काठावर पुरला. सगळा दोरा गोळा केला, पाण्यात हातभरही ठेवला नाही. गाठ कापली नाही, सोडवलीही नाही. राखणदाराला झाडावर चढवून गाठीच्या दोन्ही बाजूंनी फांदीच कापून घेतली.

आता ती मशीनवर आहे, माझ्यासमोर. रीळ खुंटीलाच आहे, कपाटात ठेवलेलं नाही. आज दुपारी मशीन थांबवली तेव्हा परत वाजलं. टक्, टक्. मी वर बघितलं नाही. म्हटलं, सैल करा नाहीतर घट्ट करा, पेपर संपेपर्यंत चालू द्या.

बाबांची गाठ सोडवायचा हक्क आता तुमच्याशिवाय कोणाला नाही. सोडवायची का ठेवायची ते तुम्ही बघून ठरवा. तुमच्याकडे पाठवावी म्हणून मी पोस्टात चौकशी केली. फांदी पाकिटात मावत नाही म्हणाले.

तेव्हा तुम्हालाच यावं लागेल.

वहिनी